विमान पाण्यावरून उडते, पण काठावर दोरी हवी



गेल्या पौषातली गोष्ट. सकाळी आठच्या सुमारास मी एका पाझर तलावाच्या काठी पँट दुमडून घोटाभर चिखलात उभा होतो. बांधावरून दूध घालायला निघालेले एक ओळखीचे शेतकरी थांबले. त्यांना वाटले, साहेब पाण्याचा नमुना घ्यायला आले असतील. जवळ येऊन पाहतात तो माझ्या हातात दीड मीटर पंखांचे विमान, आणि त्याच्या पायांना चाकांऐवजी दोन होड्या! ते म्हणाले, "साहेब, हरभऱ्यावर घाटेअळी आलीय अन् तुम्ही इमान उडवताय?"

घाटेअळीचे उत्तर मी त्यांना तिथल्या तिथे दिले. विमानाचे उत्तर थोडे लांबलचक आहे. ते आज तुमच्यापुढे मांडतो. घरात बारा ते वीस वर्षांचे मूल असेल तर हा लेख त्याला मोठ्याने वाचायला लावा आणि तुम्हीही शेजारी बसून ऐका. शेवटचा भाग तुमच्यासाठी आहे.

हा छंद घरात कसा आला

माझा पुतण्या अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत घरी येताना त्याने रेडिओवर चालणारे विमान आणले. ते कागद-काड्यांचे खेळणे नव्हते. अंगाला हलका फेस, पुढे बॅटरीवरची मोटर आणि पंखा, आणि हातात दोन दांड्यांची एक पेटी. पेटीतून निघणाऱ्या लहरी विमानातला छोटा रेडिओ पकडतो, आणि काडेपेटीएवढी यंत्रे शेपटीच्या व पंखांच्या झडपा हलवतात. शेपटीची उभी झडप म्हणजे सुकाणू. तिने विमान डावी-उजवीकडे वळते. आडव्या झडपेने नाक वर-खाली होते.

शिवारात उडवायला गेलो, तर उतरवायला जागा मिळेना. एकीकडे ऊस, दुसरीकडे तुरीची उभी खुंटे, मधल्या पडिकात ढेकळे. दोन वेळा चाके मोडली. पुतण्या म्हणाला, "काका, आपल्याकडे सपाट जागा एकच आहे, तलाव." संध्याकाळी ही चर्चा घरात चालली असता माझी आई माळ बाजूला ठेवून म्हणाली, "आरं, मग इमानाला भोपळं बांधा की!"

आम्ही हसलो. पण म्हातारी चुकली नव्हती. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला वाळका भोपळा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधत, हे आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. नदीला पूर असताना भोपळ्यांच्या सांगडीवरून माणसे पैलतीराला जात. पाण्यावरच्या विमानाचे तत्त्व तेच. भोपळ्याऐवजी विमानाला लावतात त्या होड्यांना फ्लोट म्हणतात.

आधी खऱ्या विमानांची हकिकत

मोटरच्या बळावर पाण्यावरून विमान पहिल्यांदा उडाले ते २८ मार्च १९१० रोजी, फ्रान्समध्ये. मार्सेय शहराजवळ बेर नावाचे खाऱ्या पाण्याचे मोठे सरोवर आहे. तिथे आंरी फाब्र या इंजिनिअरने स्वतः बांधलेले विमान पाण्यावरून उचलले आणि सुमारे अर्धा किलोमीटर नेले. त्याचे घराणे जहाजमालकांचे. इंजिन ५० अश्वशक्तीचे होते आणि विमानाला तीन फ्लोट होते. हा गृहस्थ पुढे १०१ वर्षे जगला आणि १९८४ मध्ये वारला.

आपल्या देशालाही हा प्रकार नवा नाही. १९३० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडहून पूर्वेकडे जाणारी टपालाची आणि उतारूंची मोठी जलविमाने राजस्थानातील राजसमंद तलावावर उतरत. अलीकडे, ३१ ऑक्टोबर २०२० रोजी गुजरातेत अहमदाबादच्या साबरमतीवरून केवडियापर्यंत जलविमानाची सेवा सुरू झाली होती; ती पुढे बंद पडली. म्हणजे धावपट्टी नसली तरी तलाव चालतो, ही कल्पना शंभर वर्षांची जुनी आहे.

फ्लोट केवढा असावा?

इथे हिशेब लागतो, पण तो चौथी-पाचवीच्या गणितापलीकडचा नाही. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. एखादी वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढे वजन पाणी उचलून धरते. आमचे विमान होते १,६०० ग्रॅमचे. फ्लोट, तारा आणि स्क्रू मिळून आणखी ४०० ग्रॅम धरले. एकूण दोन किलो. म्हणजे तरंगायला दोन लिटर पुरतात.

पण नुसते तरंगून भागत नाही. लाट येते, वाऱ्याने एक पंख दाबला जातो, आणि सगळा भार एका बाजूला येतो. म्हणून नियम असा, की दोन्ही फ्लोट मिळून विमानाच्या वजनाच्या दुप्पट तरी भार उचलण्याजोगे असावेत. म्हणजे वेळ आली तर एकट्या फ्लोटने विमान तोलले पाहिजे. आमचा प्रत्येक फ्लोट ९० सेंटिमीटर लांब, ८ सेंटिमीटर रुंद आणि जास्तीत जास्त ७ सेंटिमीटर उंच होता. दोन्ही टोके निमुळती केल्यावर त्यात सुमारे तीन लिटरचे आकारमान उरले. पाण्यात ठेवल्यावर तो तिसऱ्या हिश्श्याइतका बुडाला. तुमचा फ्लोट निम्म्यापेक्षा जास्त बुडत असेल तर तो लहान आहे असे समजा आणि नवा करा.

लांबीचे प्रमाण असे: विमानाच्या अंगाच्या लांबीच्या पाऊणपट. आमच्या विमानाची लांबी १२० सेंटिमीटर, म्हणून फ्लोट ९० चा. फ्लोटचे नाक पंख्याच्या चार-पाच सेंटिमीटर तरी पुढे गेले पाहिजे. ते मागे राहिले तर विमान पहिल्याच लाटेत तोंडघशी पडते. दोन फ्लोटमधले अंतर पंखांच्या एकूण पसाऱ्याच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याएवढे ठेवावे. दीड मीटर पंखांना ३० ते ३७ सेंटिमीटर.

आता बैलजोडी डोळ्यांपुढे आणा. जू आखूड पडले तर बैल एकमेकांना ढकलतात. तसेच अंतर कमी झाले तर विमान वाऱ्याने कलंडते. आणि तिफणीचा एक फण जरा तिरका बसला तर तास वाकडा जातो, हे तुम्हाला सांगायला नको. दोन फ्लोट समांतर नसतील तर विमान पाण्यावर असेच एका अंगाला ओढते. आमचा पहिला प्रयत्न यानेच फसला. दोन्ही नाके बोटभर आत झुकली होती. विमान दहा मीटर पळाले, गर्रकन फिरले आणि उलटे झाले. मग पुढच्या नाकांतले आणि मागच्या टोकांतले अंतर दोरीने मोजून सारखे केले, तेव्हा ते सरळ धावू लागले.

तळाची पायरी

खरी मेख फ्लोटच्या तळात आहे. तळ सलग गुळगुळीत असेल तर विमान कितीही जोर लावला तरी पाणी सोडत नाही. पाणी त्याला धरून ठेवते. घरच्या घरी करून पाहा. नळाची धार सोडा आणि चमच्याची फुगीर पाठ त्या धारेला हळूच टेकवा. धार चमच्याला दूर लोटेल असे वाटते, पण ती त्याला आत ओढते. फ्लोटच्या वक्र तळाला पाणी असेच चिकटते.

यावर उपाय म्हणजे तळाच्या मधोमध एक पायरी. पुढचा अर्धा तळ सपाट येतो, मग एकदम सेंटिमीटरभर वर तुटतो आणि तिथून मागचा तळ हळूहळू वर चढत जातो. वेग आला की पायरीमागे हवा शिरते, मागचा भाग पाण्यापासून सुटतो आणि विमान पुढच्या अर्ध्या तळावरच घसरू लागते. मुले चपटी खापरी पाण्यावर फेकून टप्पे काढतात. खापरी वेगात असेपर्यंत बुडत नाही, पाण्यावरून सरकते. त्यातलाच हा प्रकार. खऱ्या विमानांत ही पायरी १९१२ च्या सुमारास आली. अमेरिकेतील ग्लेन कर्टिसच्या उडत्या होडीला तिच्याशिवाय पाणी सुटेना.

पायरीची जागा चुकवू नका. विमान पंखाखाली दोन बोटांवर तोला. जिथे ते समतोल राहते, त्या बिंदूच्या किंचित मागे, एक ते दीड सेंटिमीटरवर, पायरी यावी. पायरी पुढे गेली तर पाण्यावर नाक वर-खाली हापसत राहते. फार मागे गेली तर नाक उचलता येत नाही. फ्लोटची वरची पाठ शेपटीच्या आडव्या पंखाच्या पातळीत ठेवा. नाक खाली झुकलेले तर मुळीच नको.

सामान आणि करणी

फ्लोट बाजारात तयार मिळतात, पण महाग पडतात. आम्ही टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल वापरला. बारीक तार बॅटरीवर तापवून तिने आकार कापला आणि पॉलिश कागदाने घासला. आत एक पातळ प्लायवूडची पट्टी उभी बसवली. तारांचे स्क्रू तिच्यात बसतात, नुसता थर्माकोल स्क्रू धरत नाही.

इथे आम्ही एक चूक केली, ती तुम्ही करू नका. पट्टी चिकटवायला घरातला रबराचा गोंद लावला. सकाळी उठून पाहतो तो थर्माकोलला उंदराने कुरतडल्यासारखा खड्डा. पेट्रोल, थिनर, रबराचा गोंद, पत्र्याच्या दुरुस्तीचे साधे पॉलिएस्टर रेझिन, ही सगळी मंडळी थर्माकोल खातात. सुताराचा पांढरा गोंद खात नाही, पण बराच वेळ पाण्यात राहिला की मऊ पडतो. दोन नळ्यांतले मिसळून लावायचे इपॉक्सी तेवढे चालते.

वरून तलम काचकापड इपॉक्सीने चढवले तर फ्लोट वर्षानुवर्षे टिकतो. कापड कापायला सौभाग्यवतींची शिवणाची कात्री घेतली आणि तिची धार गेली. त्याबद्दल जे ऐकावे लागले ते इथे लिहीत नाही. खर्च नको असेल तर पार्सलला लावतात ती रुंद चिकटपट्टी मागून पुढे लावत या. कौले शाकारताना वरचे कौल खालच्यावर येते, तसा पुढचा पट्टा मागच्यावर आला पाहिजे, म्हणजे धावते पाणी पट्टीची कड उचकटत नाही. पोकळ फ्लोट केला तर मागच्या टोकाला एक छोटे भोक आणि त्याला रबरी बूच ठेवा. पाणी कुठून तरी शिरतेच. ते काढायची सोय हवी.

आणखी तीन गोष्टी. फ्लोटच्या पुढच्या भागावर वारा आपटतो आणि विमानाची शेपटी डोलते, म्हणून शेपटीखाली एक छोटा उभा पंख वाढवा. एका फ्लोटच्या मागे पत्र्याचे लहान सुकाणू लावून ते वरच्या सुकाणूला जोडा, नाहीतर पाण्यावर सावकाश वळता येत नाही. आणि पंख्याचे पाते फ्लोटच्या पाठीपासून दोन बोटे तरी वर फिरले पाहिजे.

विमानातला रेडिओ प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड रबरबँडने घट्ट बांधा. वेग सांभाळणारी छोटी पाटी जलरोधक घ्या. आजकालच्या या पेट्यांच्या लहरी पाण्यातून जात नाहीत. विमान बुडाले की हुकूम बंद. सिग्नल तुटला की मोटर आपोआप थांबेल अशी योजना पेटीत करून ठेवा आणि ती काठावरच तपासा. लिथियमची बॅटरी भिजली तर घरात आणून चार्जिंगला लावू नका. ती फुगते, पेट घेऊ शकते. तिला उघड्यावर, मातीवर ठेवा. तेलावरचे इंजिन आपल्या तलावांवर नकोच. त्या पाण्यावर जनावरे येतात, तेलाचा तवंग त्यांनी का प्यावा?

उडवायचे कधी आणि कसे?

पाझर तलाव भरलेला असतो तो दिवाळीपासून माघापर्यंत. पहाटे पाणी आरशासारखे असते. पाहणाऱ्याला वाटते, हीच वेळ उत्तम. पण आरशासारखे पाणी दोन्हीकडून वाईट. उडताना ते तळाला जास्त धरते, आणि उतरताना आपण किती उंचीवर आहोत हे कळत नाही. पाणी संपते कुठे आणि प्रतिबिंब सुरू होते कुठे, डोळा फसतो. आठ-नऊच्या सुमारास झुळूक येते, पाण्यावर बारीक सुरकुत्या पडतात, ती वेळ साधा. दुपारी वारा वाढला, पांढरा फेस दिसू लागला की विमान गुंडाळा.

विमान नेहमी वाऱ्याच्या तोंडावर उडवा आणि वाऱ्याच्या तोंडावरच उतरवा. पाण्यावर सोडलेले विमान शाळेच्या छपरावरच्या वातकुक्कुटासारखे आपणहून वाऱ्याकडे तोंड करते, त्याचा फायदा घ्या. सुरुवातीला दांडी स्वतःकडे ओढून नाक वर ठेवा आणि मोटरचा जोर हळूहळू वाढवा. विमान आधी पाणी नांगरत जाते, मग पायरीवर चढते आणि एकदम हलके होऊन पळू लागते. त्या क्षणी दांडी मधोमध सोडा. वेग पुरेसा झाला की अगदी थोडी ओढा. घाईने ओढली तर विमान उसळते आणि पंखावर पडते.

उतरताना मोटर पुरती बंद करू नका. थोडा जोर ठेवून, नाक किंचित वर ठेवून, पाण्याला सपाट टेकू द्या. टेकल्यावर दांडी पुन्हा स्वतःकडे. समोर शंभर मीटर तरी मोकळे पाणी हवे. म्हणूनच आपले शेततळे या खेळाला कामाचे नाही. ते साधारण तीस मीटर लांब-रुंद. विमान पायरीवर चढेपर्यंत समोरचा बांध येतो. शेततळ्याबद्दल आणखीही सांगायचे आहे, ते पुढे.

नियमांचेही भान ठेवा. वैमानिकाशिवाय उडणाऱ्या यंत्रांसाठी केंद्र सरकारचे २०२१ चे नियम आहेत. त्यांत देशाच्या आकाशाचे हिरवा, पिवळा आणि तांबडा असे भाग पाडले असून छंदाचे विमान नजरेच्या टप्प्यातच उडवायचे असते. नकाशा आणि चालू नियम सरकारी संकेतस्थळावर पाहून घ्या, तलाव ज्या खात्याचा किंवा ग्रामपंचायतीचा असेल त्यांना विचारा. नांदूर मधमेश्वर, जायकवाडी यांसारख्या पक्ष्यांच्या अभयारण्यात तर विमान काढूच नका. हिवाळ्यात लांबून आलेली बदके तिथे विसाव्याला असतात.

विमान मध्येच बंद पडले

आता त्या सकाळकडे येतो. तिसऱ्या खेपेला आमचे विमान उडाले. फ्लोटमधून पाण्याचे थेंब गळताना उन्हात दिसले. बांधावर जमलेल्या पोरांनी आरोळी ठोकली, आणि खरे सांगतो, पन्नाशी उलटलेल्या माझ्याही तोंडून ती निघाली. दोन फेऱ्या झाल्या. विमान छान उतरले, आणि तलावाच्या मध्यावर येऊन मोटर थांबली. बॅटरी संपली होती. काठापासून ऐंशी-नव्वद मीटर.

पुतण्याने पेटी माझ्या हातात दिली आणि शर्टाची बटणे सोडू लागला. तो पोहणारा आहे. मी त्याचा दंड धरला. म्हणालो, "पाण्यात पाय टाकायचा नाही." तो म्हणाला, "काका, आठ हजारांचं विमान आहे!" मी दंड सोडला नाही. चारचौघांत मी आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी चढवला. पोरगा चकित झाला.

त्याला माहीत नव्हते ते सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या विभागातल्या एका वस्तीवर शेततळे झाले. अस्तरीकरणाचे, काळ्या प्लास्टिकचे. कागदावर कुंपणाची अट होती. मी मोजमाप घेतले तेव्हा कुंपण नव्हते. शेतकरी म्हणाले, "सुगी झाली की करतो." मी विश्वासाने सही केली. पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा पाण्यात गेलेला चेंडू काढायला उतरला. प्लास्टिक ओले झाले की त्यावर शेवाळ धरते आणि ते साबणासारखे निसरडे होते. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तो उतार चढता येत नाही. हाताला धरायला काही नसते. मुलगा वर आला नाही. त्याला काढायला उतरलेल्या थोरल्या भावाला दोरीने ओढून काढला म्हणून तो वाचला.

त्या घरी मी गेलो होतो. मुलाच्या आईने मला पाणी दिले. मी ते प्यालो. तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि अजूनही त्या वस्तीकडे गाडी वळली की माझा हात जड होतो.

म्हणून पुतण्याचा दंड सोडला नाही. थंडीच्या पाण्यात पायात गोळे येतात, तलावाच्या तळाला गाळ आणि बुडालेल्या बाभळी असतात, आणि पोहणारा माणूस वस्तूकडे बघत जातो, परतीचे अंतर मोजत नाही.

मग विमान कसे आले?

आम्ही बसून राहिलो. झुळूक वाहत होती. फ्लोटवरचे विमान पाण्यापेक्षा वाऱ्याचे जास्त ऐकते. अर्ध्या तासात ते हळूहळू सरकत समोरच्या काठाच्या लव्हाळ्यात येऊन थांबले. तिथे मासेमारी करणारे एक म्हातारे भोई ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळे काढत होते. त्यांनी ते उचलून आणले आणि पुतण्याला म्हणाले, "पोरा, पाण्यावर गेलेली हलकी वस्तू वारा आणून देतो. बुडालेलं माणूस देत नाही."

विमान उडवायच्या आधी ते परत कसे आणायचे हे ठरवले पाहिजे. आम्ही पाळतो तो क्रम असा:

१. वारा कुठून कुठे वाहतो ते आधी पाहायचे, आणि वारा ज्या काठाला जातो तिथे एक माणूस उभा करायचा.

२. गळाची लांब दोरी आणि तिच्या टोकाला टेनिसचा चेंडू जवळ ठेवायचा. चेंडू विमानाच्या पलीकडे फेकायचा आणि दोरी सावकाश ओढायची. ती फ्लोटच्या तारांत अडकते.

३. बॅटरी भरल्यापासून मिनिटे मोजायची. आठ मिनिटे चालणारी असेल तर पाचव्या मिनिटाला उतरवायचे.

४. होडी किंवा तराफा घ्यायचा तर मोठ्या माणसाने, जीवरक्षक जाकीट घालूनच. एकट्याने कधी नाही.

५. पोहून कुणीही जायचे नाही. विमान गेले तर गेले.

पाचवा नियम पुतण्याने पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवला आहे. मी सांगितले नव्हते.

शेततळेवाल्यांसाठी चार शब्द

आता मोठ्यांसाठी. तुमच्या घरी विमान येईल न येईल. चेंडू, चप्पल, वासरू, मोटरचा फूटव्हॉल्व्ह, यांतले काही ना काही शेततळ्यात जाणारच, आणि ते काढायला कुणीतरी धावणारच. त्याच्यासाठी आधी तयारी करून ठेवा. चहूबाजूंनी कुंपण आणि कुलूप लागणारे दार. चारही बाजूंना काठावर पक्का खुंट, त्याला जाड दोर, दोराला हातभर अंतरावर गाठी, आणि दोराचे टोक पाण्याच्या तळापर्यंत. दोराला लाकडी पायऱ्या बांधल्या तर आणखी बरे. एक हवा भरलेली ट्यूब दोरीसह कुंपणाच्या आतल्या खांबाला टांगलेली. कुणी पडलेच तर मागोमाग उडी न टाकता आधी ट्यूब आणि दोर फेकायचा, हे घरातल्या बायका-पोरांना एकदा करून दाखवा. पिकाला औषध मारण्याचे प्रात्यक्षिक आपण करतोच. हेही करा, अर्धा तास पुरतो.

सुट्टी संपण्याच्या आधीच्या रविवारी पुतण्या म्हणाला, "काका, आज विमान नको." गाडीत त्याने जुन्या ट्यूबा आणि दोराचे भेंडोळे भरले होते. बांधावरची तीच पोरे बरोबर आली. दिवसभरात तीन शेततळ्यांवर आम्ही खुंट ठोकले आणि दोर सोडले. गाठी पोरांनी मारल्या आणि प्रत्येक गाठीला लोंबकळून पाहिले. तिसरे शेततळे त्याच वस्तीवरचे होते. कुंपण आता आहे. मुलाच्या वडिलांनी खुंट आधी स्वतः हलवून पाहिला, मग आणखी दोन घाव घातले.

फेब्रुवारीत पाणी उतरले आणि विमान माळ्यावर गेले. यंदा पाऊस बरा झाला तर दिवाळीनंतर पुन्हा तलावावर येऊ. तुम्हीही या. दोर मात्र आपापला आणा.